कोकणातले बंद घर : मालकी, पैसा आणि समाधानाची पार्श्वभूमी

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या कितीतरी वाड्यांत वर्षाचे दहा-अकरा महिने कुलूप असलेली घरे आहेत. तरीही त्यांची घरपट्टी वेळेवर भरली जाते, पावसाआधी कौले परतली जातात आणि गणपतीला दारे उघडतात. जिथे राहायचे नाही त्या घरावर माणसे पैसा का घालतात, याचे उत्तर नफ्यातोट्याच्या हिशेबात मिळत नाही; त्यासाठी इथल्या मालकीचा इतिहास पाहावा लागतो.

ब्रिटिश अमदानीत जुन्या रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत खोती होती. सारा वसूल करून सरकारात भरणे एवढेच खोताचे काम कागदोपत्री असले, तरी व्यवहारात तो गावाचा धनी होता. कुळाला पिकाचा मोठा वाटा त्याला घालावा लागे, वेठ करावी लागे, आणि खोपटे ज्या जमिनीवर उभे तीही खोताचीच असल्यास त्याची मर्जी फिरली की डोक्यावरचे छप्पर जाण्याची धास्ती असे. अलिबाग तालुक्यात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 मध्ये सुरू झालेला चरी गावचा खोतांविरुद्धचा शेतकरी संप 1939 पर्यंत चालला. त्या काळात संपकऱ्यांनी जमिनी पडीक ठेवल्या, पण माघार घेतली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. प्रत्यक्ष कायदा मात्र 1949 मध्ये झाला. त्याच्या आगेमागे 1948 चा कूळकायदा आणि कसणाऱ्या कुळाला मालक मानणारा 1 एप्रिल 1957 चा ‘कृषक दिन’ आला आणि अनेक कुळांची नावे पहिल्यांदाच मालक म्हणून सातबाऱ्यावर चढली. ज्यांच्या आजा-पणजाने दुसऱ्याच्या भुईवर जन्म काढला, त्यांना स्वतःच्या जोत्याचे मोल बाजारभावाने कधीच मोजता आले नाही, आणि ते तसे मोजावे अशी अपेक्षा धरणेही गैर ठरेल.

मालकी मिळाली, पण घर बांधायला लागणारा पैसा गावात नव्हता. मुंबईत 1854 मध्ये पहिली कापड गिरणी स्थापन झाल्यानंतर गिरणगावाला मजूर पुरवण्यात रत्नागिरी जिल्हा आघाडीवर राहिला. एकेका खोलीत आळीपाळीने झोपणारे, खानावळीत जेवणारे, कुटुंब गावीच ठेवणारे हे चाकरमानी पगारातला वाटा मनीऑर्डरने धाडत. त्या पैशातून घर एकदम उभे राहत नसे. एका मे महिन्यात जोते भरले जाई, पुढच्या रजेत जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती खिडकीपर्यंत येत, मग एखाद्या लग्नामुळे वा आजारपणामुळे काम दोन-तीन वर्षे अडून राही. पेंढ्याच्या जागी मंगलोरी कौले चढली की, आत गिलावा झालेला नसला तरी, घर झाले असे मानले जाई. ज्या खोलीत आयुष्य जायचे ती भाड्याची, आणि जे स्वतःचे त्यात राहणे निवृत्तीनंतर, अशी ही विभागणी होती. यात हाल सोसले ते बहुतांशी मागे राहिलेल्या बायकांनी, हे चाकरमान्यांच्या कौतुकात सहसा सुटून जाते.

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि शहरातली मिळकत आटली, तेव्हा गावच्या घराचा दुसरा उपयोग कळला. नोकरी गेलेल्या अनेकांना निदान पाठ टेकायला जागा होती. श्रीमंती नव्हतीच, पण कोणी उठवणार नाही, ही खात्री होती. कोकणातल्या समाधानाच्या कल्पनेत या खात्रीचा वाटा मोठा आहे. देवापुढे घातल्या जाणाऱ्या गाऱ्हाण्यातही लेकराबाळांची राखण, गुराढोरांची खुशाली आणि गेलेल्या माणसाचे सुखरूप परतणे हेच मागणे प्रामुख्याने असते.

गेल्या तीन दशकांत या जमिनीला भाव आला. 1990 पासूनच्या फळबाग योजनेने कातळावर आंबा-काजूच्या बागा लावून घेतल्या, 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि पुढे महामार्गाच्या रुंदीकरणात अनेकांच्या हाती मोबदल्याची रक्कम पडली. अलिबाग, दापोली, गुहागर या पट्ट्यात शहरी लोकांचे बंगले उठले. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास कायद्याची अडकाठी आहे, म्हणून बिनशेती भूखंडांचा धंदा फोफावला. ज्या सातबाऱ्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्यावर आजोबांच्या नावाखाली वीस-पंचवीस सहहिस्सेदार निघू लागले. मुलींना जन्मतः समान वाटा देणारी हिंदू वारसा कायद्यातली 2005 ची दुरुस्ती न्याय्यच होती. मात्र तिच्यामुळे हक्कसोड पत्रासाठी मुंबई-पुण्यातल्या बहिणींकडे होणाऱ्या फेऱ्या वाढल्या. आता बरीच घरे मोडकळीस येतात ती दारिद्र्यामुळे नव्हे, तर सामाईकीतल्या एका सहीअभावी. दुरुस्तीचा खर्च एकाने केला तर घर त्याच्या ताब्यात जाईल, या संशयाने बाकीचे ना पैसे देतात ना परवानगी.