केस मॅनेजर आणि रुग्णहक्क प्रतिनिधी: कोण कोणाच्या बाजूने?

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात यायचंय, पण डॉक्टर किंवा समुपदेशक व्हायचं नाही, अशांसमोर ही दोन कामं हमखास येतात: रुग्णाचे उपचार, घर, मदत यांची सांगड घालणारा केस मॅनेजर आणि रुग्णाचं म्हणणं त्याच्या बाजूने मांडणारा रुग्णहक्क प्रतिनिधी. दोन्हींत रुग्णासोबत फिरणं आहे, फोनाफोनी आहे, फॉर्म भरणं आहे. नोकरीच्या जाहिरातींतही सर्रास सरमिसळ असते.

फरक कळतो तो रुग्ण ‘नाही’ म्हणतो तेव्हा. समजा, एक जण म्हणाला, ‘रात्रीच्या गोळीने सकाळी डोळेच उघडत नाहीत, कामावर उशीर होतो, मी ती बंद करणार.’ केस मॅनेजर जुन्या नोंदी काढेल: मागे गोळी सुटली तेव्हा झोप किती दिवसांत उडाली होती? मग डॉक्टरांना फोन करेल, डोस किंवा वेळ बदलता येईल का विचारेल, आठवड्याभरात घरी चक्कर मारेल. रुग्ण पुन्हा भरती होऊ नये, ही जबाबदारी त्याच्यावरही असते.

प्रतिनिधी गोळीबद्दल मतच देणार नाही. बैठकीआधी तो त्या माणसाचे प्रश्न कागदावर उतरवून घेईल, बैठकीत शेजारी बसेल आणि डॉक्टर रुग्णाला सोडून भावाशी बोलू लागले, तर ‘हे त्यांनाच विचारूया’ म्हणेल. स्वतःला पटत नसलेलं म्हणणंही तितक्याच नेटाने मांडायचं असतं. माझ्या मते या कामात हेच सगळ्यात जड जातं.

दोन्हींची मुळंही वेगळी. मोठी मनोरुग्णालयं रिकामी होऊ लागली तेव्हा उपचार एकीकडे, घर दुसरीकडे, पैशाची मदत तिसरीकडे अशी गत झाली. ते सांधायला केस मॅनेजमेंट आलं. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅडिसनमध्ये अख्खी टीमच रुग्णाच्या घरी जाऊ लागली. त्या पद्धतीत एका कर्मचाऱ्यामागे साधारण १० रुग्ण धरतात. हक्कांची बाजू मात्र रुग्णांनीच उचलून धरली. अमेरिकेतले क्लिफर्ड बिअर्स स्वतः मनोरुग्णालयात रुग्ण म्हणून राहून आले आणि १९०८ मध्ये त्यांनी सुधारणेसाठी संस्था काढली. म्हणूनच केस मॅनेजरसाठी बहुधा समाजकार्य, मानसशास्त्र किंवा नर्सिंगची पदवी मागतात, तर प्रतिनिधीच्या कामात स्वतः आजारातून गेल्याचा अनुभवही जमेची बाजू ठरतो.

छोट्या संस्थांत एकाच माणसाकडे दोन्ही कामं असतात. एरवी निभावतंही, पण रुग्ण आणि टीम आमनेसामने आले की अडतं. म्हणून मुलाखतीत एवढं विचाराच: रुग्णाची तक्रार आपल्याच टीमविरुद्ध असेल, तर ती मी कोणाकडे न्यायची? गोलमोल उत्तर आलं, तर पदाचं नाव काहीही असो, काम केस मॅनेजरचंच आहे.