ऑनिंग, मोटारघराचे

मोटारघराच्या (आर.व्ही.) दाराकडील बाजूस गुंडाळीवरून उलगडणारे कापडी छत. मुक्काम लांबला की ते वाऱ्यात टिकवण्यासाठी तणावे (ताणून बांधायचे दोर) आणि मेखा लागतात.

‘ऑनिंग’ या इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती अनिश्चित आहे. त्याचा पहिला ज्ञात वापर सामान्यतः इंग्रज दर्यावर्दी व वसाहतकार जॉन स्मिथ याच्या १६२४ मधील लेखनात धरतात. जेम्सटाउन या अमेरिकेतील इंग्रज वसाहतीच्या आरंभीच्या दिवसांत उन्हासाठी तीन-चार झाडांना ऑनिंग बांधले होते, असे तो १६३१ मध्ये सांगतो आणि ‘म्हणजे जुने शीड’ असा खुलासा करतो. काही जुन्या कोशांनी फार्सी ‘आवंग’ (लोंबते) हे मूळ सुचवले. उतरत्या छपराचा वाचक फ्रेंच ‘ओव्हाँ’ अधिक संभाव्य वाटतो. शब्द दर्यावर्दी लोकांत रुळला, एवढे मात्र स्मिथच्या खुलाशावरून दिसते.

छताची एकच कड गाडीला पक्की असते. खालून शिरलेली हवा गाडीच्या भिंतीशी अडते आणि कापड वर ढकलते. म्हणून खरा धोका छत खाली कोसळण्याचा नसून उचलले जाण्याचा आहे. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५ × २.५ मी. छतावर ताशी २० किमी. वाऱ्याचा जोर ढोबळमानाने २४ किग्रॅ. भाराइतका, तर ४० किमी.ला सुमारे ९६ किग्रॅ. भरतो. कापड फडफडू लागले की आधी शिवण उसवते, मग छत पेलणारे बाहू वाकतात. झोताचा हिसका थेट मेखेवर येऊ नये म्हणून गुंडाळीवरून टाकलेल्या पट्ट्याच्या टोकाला स्प्रिंग लावतात.

मेख उभी ठोकावी की छतापासून दूर कलवून, याविषयी मतभेद आहेत. उभी मेख खोल जाते. पण कलत्या मेखेशी तणाव्याचा काटकोन साधला की ती उपसून येत नाही. हा जुना प्रघातच येथे ग्राह्य धरला आहे. भुसभुशीत वाळूत दोन्ही निरुपयोगी. तेथे वाळूने भरलेली पिशवी आडवी पुरून तिला दोर बांधावा.

अ‍ॅरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळील ला पोसा या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल परवान्याने राहता येते. इतक्या मुक्कामात पाऊसही गाठतो. छताच्या बाहेरील कडेचा एक पाय (टेकू) खाली घेऊन उतार दिला नाही, तर पाणी साचून कापडाला झोळ येतो.

जोराच्या वाऱ्यात, रात्री किंवा गाडी सोडून जाताना छत गुंडाळावेच. वारा जाणवताच आपोआप मिटणाऱ्या विद्युत छतांना तणावे बांधू नयेत. ती मिटताना अडकतात आणि बाहू मोडतात.