पाव किलो तूर, आठ ताटं

आठ माणसांच्या घरात दिवसाच्या आमटीला पाव किलो तूरडाळ लागली, तर माणशी ३१ ग्रॅम डाळ येते. तुरीत साधारण २२ टक्के प्रथिनं असतात, म्हणजे एकेकाच्या पोटात जेमतेम ७ ग्रॅम गेली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेल्या मापाप्रमाणे (वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम) ५५ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम लागतात. मग उरलेली येतात कुठून?

मुख्यतः भाकरीतून. ज्वारीच्या पिठात जवळपास १० टक्के प्रथिनं असतात. राबणारा माणूस दिवसाला ३०० ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या सहज खातो. झाली ३० ग्रॅम! ज्या घरात महिन्याचा किराणा मोजूनमापून भरला जातो, तिथे प्रथिनांचा भार डाळीपेक्षा धान्यच जास्त वाहतं.

मात्र ही ३० ग्रॅम सगळीच्या सगळी अंगी लागत नाहीत. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात आणि त्यातली नऊ शरीराला अन्नातूनच मिळवावी लागतात. एक जरी कमी पडलं तरी बाकीची पूर्ण वापरता येत नाहीत. मंगळसूत्र ओवायला बसलं आणि वाट्याच नसल्या, तर काळे मणी ढीगभर असून काय उपयोग? ज्वारीत ही उणीव लायसिन नावाच्या अमिनो आम्लाची आहे. शिवाय ज्वारीची एक खोड अशी की शिजताना तिची प्रथिनं एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि पचायला अवघड होतात. तूर, मटकी, हुलगा, हरभरा यांच्यात लायसिन भरपूर असतं, पण मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी. ते धान्यात पुरेसं असतं. म्हणजे वाटीभर आमटी स्वतःची ७ ग्रॅम देते आणि वर भाकरीतली प्रथिनं कामाला लावते. दोन्ही एकाच घासात असायला हवीत, असं पूर्वी सांगत. आता कळलंय की तशी गरज नाही. सकाळी भाकरी-भाजी आणि रात्री पिठलं-भात खाल्ला तरी शरीर दिवसाचा मेळ घालून घेतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत धान्याच्या तीन भागांना डाळ-कडधान्याचा एक भाग असं प्रमाण आहे. आठ जणांना दिवसाला २.४ किलो धान्य लागत असेल, तर डाळ-कडधान्य ८०० ग्रॅम हवं. आपण घातली पाव किलो तूर. उरलेला अर्धा किलोहून जास्त भाग तुरीनेच भरायचा म्हटलं तर महिनाअखेर अवघड जाईल, आणि तसं करायचं कारणही नाही. मटकी, चवळी, हुलगा आणि हरभऱ्याची डाळ प्रथिनांत तुरीच्या आसपासच आहेत. शेंगदाण्यात २४ टक्क्यांच्या जवळ प्रथिनं असतात. बदामात त्याहून जास्त नाहीत, पण बदामाचा भाव विचारायचीही सोय नसते. सोयाबीनच्या वड्यांमध्ये तर वजनाच्या निम्मी प्रथिनं. त्या नुसत्या कोणाला आवडत नाहीत हे खरं, पण भिजवून, पिळून, बारीक करून बटाट्याच्या रश्शात टाकल्या की घरातली पोरं तक्रार न करता खातात.

माझ्या मते या सगळ्यात हुशारीचा पदार्थ भाजणी. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, धणे असं सगळं भाजून एकत्र दळलं की धान्य आणि डाळ यांचं लग्न पिठातच लागतं. भाजल्यामुळे कडधान्यातली पचनाला अडथळा करणारी द्रव्यंही बऱ्याच अंशी निकामी होतात.

ऐनवेळी पाहुणा आला की वरणात पाणी वाढवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्याने वाट्या भरतात, प्रथिनं तेवढीच राहतात. पाण्याबरोबर मूठभर बेसन किंवा दाण्याचं कूट घातलं, तर आमटी दाटही राहते.

आता लोहाकडे. बाजरीत, कडधान्यांत, पालेभाज्यांत लोह आहे, पण वनस्पतींमधलं लोह शरीर फार थोडं शोषतं. धान्या-कडधान्यांतलं फायटिक आम्ल ते धरून ठेवतं. इथे मोड आणण्याचा खरा उपयोग होतो. दाणा भिजून अंकुरला की त्यातलं फायटेज हे विकर जागं होतं आणि फायटिक आम्ल फोडू लागतं. कोरड्या मटकीत जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्वही मोडांत तयार होतं. शिजवताना त्यातलं बरंच जातं, म्हणून उसळ उतरवल्यावर वरून लिंबू पिळावं. क जीवनसत्त्वामुळे लोह शोषलं जाईल अशा रूपात राहतं. पेरू, आवळा, कच्ची कोबी, जे स्वस्त असेल ते चालतं. नाचणीचं आंबील आंबवतात, त्यातही फायटिक आम्ल असंच कमी होतं.

एवढं सगळं करून जेवणाबरोबर चहा घेतला की बराचसा खेळ संपला. चहातली टॅनिनं लोहाला बांधून टाकतात आणि त्या जेवणातून मिळणारं लोह निम्म्याहूनही कमी होऊ शकतं. चहा सोडा असं कोण म्हणेल? तासाभराने प्यावा, इतकंच.

हे लोह सर्वांत जास्त लागतं कुणाला? प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम आणि बाईला २९, असं परिषदेचं माप आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. मोठ्या घरात पहिली पंगत पुरुषांची आणि पोरांची, दुसरी बायकांची. तोवर भाकरी उरते, उसळ आणि पालेभाजी संपत आलेली असते. म्हणजे जिला जास्त लोह हवं तिच्या ताटात ते सर्वांत कमी पडतं. आहारशास्त्राचं कोणतंही कोष्टक ही गोष्ट दाखवत नाही. वाढायला घेण्याआधी मागच्या पंगतीची भाजी वेगळ्या पातेल्यात काढून ठेवायला एक पैसाही लागत नाही, तरी ते होत नाही.

मोठ्या कुटुंबाच्या खर्चात गॅसही मोजावा लागतो. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशाच्या वर जात नाही, कितीही मोठी आच ठेवली तरी. कुकरमध्ये ते १२० अंशांच्या आसपास पोचतं आणि एकदा शिट्टी झाली की बारीक आचही पुरते. मराठवाड्यात, विदर्भात बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही ही तक्रार घरोघरी ऐकू येते. त्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशी चिकटवणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट करतं. खायचा सोडा टाकला की डाळ लगेच मऊ होते, पण त्यात ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं. त्यापेक्षा डाळ तासभर भिजवावी आणि शिजवायला गोडं पाणी मिळालं तर ते वापरावं. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घालावं, कारण आंबटपणानेही दाणा कडक राहतो.

डाळी-भाकरीच्या या हिशेबात एक गोष्ट बसत नाही, ती म्हणजे ब१२ जीवनसत्त्व. ते वनस्पतींमध्ये नाही. मोडांनी, आंबवण्याने किंवा कितीही पालेभाजीने त्याची भरपाई होत नाही. दूध, दही, अंडी, मासळी, मटण यांतूनच ते मिळतं. कोकणात पावसाळ्यासाठी भरून ठेवलेलं सुकट आणि जवळा त्या दृष्टीने मोलाचे. अंडी चालत असतील तर किराण्यात वाचलेले पैसे आधी त्यांच्यावर खर्च करावेत. चालत नसतील, तर दूध-ताक पोरांपुरतं न ठेवता घरातल्या सगळ्यांना मिळेल असं बघावं, आणि म्हाताऱ्या माणसाच्या हातापायाला सतत मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्यावं.