शाखेचा खातेदार बँकेचा कधी झाला?

३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्यावरचं व्याज मोजायची पद्धत अशी होती: महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक राहील, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज. कुणी ११ तारखेला एक लाख रुपये भरले आणि महिनाअखेरपर्यंत त्यांना हातही लावला नाही, तरी त्या लाखावर त्या महिन्यात एक पैसा व्याज मिळत नसे. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिलकीवर व्याज द्यायला लावलं. तेव्हाच्या साडेतीन टक्के दराने त्याच लाखाचे वीस दिवसांचे सुमारे १९२ रुपये होतात. खातेदार तोच, पैसे तेच, दरही तोच. बदलली होती ती बँकेची हिशेब ठेवण्याची रीत.

जुना नियम खातेदाराला नाडण्यासाठी केलेला नव्हता. लेजरच्या, म्हणजे खातेवहीच्या, पानावर पेनाने रोजची शिल्लक गुणून व्याज काढणं माणसाच्या आवाक्यातलं काम नव्हतं. महिन्याला एक आकडा उचलायचा, तो ‘प्रॉडक्ट’च्या, म्हणजे ज्यावर व्याज लावायचं त्या रकमेच्या, रकान्यात लिहायचा आणि सहामाहीला सहा आकड्यांची बेरीज करून व्याज लावायचं, एवढंच जमण्यासारखं होतं. पण बँकांच्या शाखांत यंत्रं यायला लागली ती १९८०च्या दशकाच्या मध्यात. म्हणजे यंत्र आलं तेव्हापासून हे १९२ रुपये खातेदाराच्या हाती पडेपर्यंत पाव शतक गेलं. माहिती-प्रणालीमुळे संस्थेचा कारभार सुधारतो का, या प्रश्नाचं खरं उत्तर मला त्या पाव शतकात दिसतं.

आधी यंत्रापूर्वीची शाखा डोळ्यांसमोर आणू. पैसे काढायला गेलं की काउंटरवर स्लिप आणि पासबुक द्यायचं, बदल्यात पितळी टोकन घ्यायचं आणि बाकावर बसायचं. लिपिक त्या खात्याचं जाडजूड लेजर उघडून नोंद करणार, अधिकारी नमुना-सहीच्या कार्डाशी सही ताडून व्हाउचर पास करणार, मग ते कॅशियरकडे जाणार आणि टोकनचा नंबर पुकारला जाणार. लेजर दुसऱ्या टेबलावर असलं तर तिथलं काम संपेपर्यंत थांबायचं. खरा घाम निघायचा तो बॅलन्सिंगला. लेजरमधल्या सगळ्या खात्यांच्या शिलकींची बेरीज जनरल लेजरच्या, म्हणजे शाखेच्या एकूण हिशेबाच्या वहीतल्या, आकड्याशी जुळलीच पाहिजे. जुळली नाही तर जुन्या लिपिकांची पहिली युक्ती ठरलेली: फरकाला नऊने भागून बघा. निःशेष भाग गेला तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असण्याचा संभव. ३६० च्या जागी ६३० लिहिले की फरक २७०. मग ती एक चूक हुडकायला शेकडो पानं चाळायची. तेव्हा बँकांचं वर्ष कॅलेंडरप्रमाणे चाले, त्यामुळे ३० जून आणि ३१ डिसेंबरच्या क्लोजिंगला रात्री उशिरापर्यंत शाखेत दिवे असत. बँकवाल्यांच्या घरांत नव्या वर्षाची पहिली रात्र वडिलांची वाट बघण्यात जायची.

ही रीत मोडकळीला आली ती पसाऱ्यामुळे. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या आठ हजारांच्या वर शाखा होत्या. १९९० पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. शाखांशाखांमधला मेळ घालणं हे स्वतंत्र संकट होऊन बसलं. कोल्हापूरच्या शाखेने नागपूरच्या शाखेवर ड्राफ्ट काढला की त्याची सूचना टपालाने जाणार, तिथली नोंद मुख्य कार्यालयात जाणार आणि तिथे दोन्ही बाजू जुळवल्या जाणार. अशा न जुळलेल्या नोंदींचे ढीग महिनोन् महिने पडून राहत. न जुळलेली नोंद म्हणजे चोराला उघडी खिडकी, हे प्रत्येक तपासनीसाला ठाऊक होतं.

तरीही यंत्राला विरोध झाला, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कोलकात्यातल्या कर्मचाऱ्यांनी संगणक इमारतीत येऊ नये म्हणून पहारे दिले होते. स्वयंचलनाचा प्रश्न अभ्यासायला सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर होते, त्या समितीचा अहवाल १९७२चा. बेकारीच्या देशात कारकुनाचं काम यंत्राला द्यायचं का, हा प्रश्न पोटातून आलेला होता. त्याला आडमुठेपणा म्हणून झटकून टाकणं मला आजही पटत नाही.

१९८३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात मर्यादित यांत्रिकीकरणाचा करार झाला. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. शाखांत आलेल्या यंत्राचं नाव होतं ‘ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’, एएलपीएम. नावात ‘कॉम्प्युटर’ हा शब्दच नाही. कामही नावाप्रमाणेच, लेजर पोस्टिंगचं. जी नोंद पेनाने होत होती ती आता कळफलकावर होऊ लागली. दोन यंत्रं एकमेकांशी बोलत नव्हती, शाखा शाखेशी बोलत नव्हती, आणि अनेक ठिकाणी यंत्रावर भरवसा बसेपर्यंत हाताचं लेजरही सोबत चालू राही. म्हणजे काम घटलं नाही, उलट वाढलं. चेकवर खाली चुंबकीय शाईचे आकडे आले आणि मुंबईत यंत्राने क्लिअरिंग, म्हणजे बँकांमधली चेकांची देवघेव, सुरू झालं तेही याच दशकात; तिथे मात्र फायदा लगेच दिसला, कारण क्लिअरिंग हाऊसमध्ये सगळ्या बँकांचे चेक एकाच छपराखाली येत होते.

ही रखडपट्टी फक्त आपल्याकडची नव्हती. १९८७ मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी लिहिलं की संगणकयुग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही. त्याच वर्षी त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तीन वर्षांनी इतिहासकार-अर्थतज्ज्ञ पॉल डेव्हिड यांनी या कोड्याला विजेचा दाखला दिला. न्यू यॉर्कमध्ये एडिसनचं वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालं, पण अमेरिकेतल्या कारखान्यांना विजेचा मोठा लाभ झाला तो १९२०च्या दशकात. आधी कारखान्यांनी वाफेचं इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटर बसवली; छताखालचा तोच लांब दांडा, त्यावरून उतरणारे तेच पट्टे. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली, कामाच्या क्रमाने यंत्रं मांडता आली, तेव्हा कुठे उत्पादन वाढलं. आपलं एएलपीएम म्हणजे जुन्या दांड्याला लावलेली नवी मोटर होती.

दांडा बदलला तो दोन धक्क्यांनी. पहिला स्पर्धेचा. १९९४-९५ मध्ये नव्या खासगी बँका उभ्या राहिल्या. त्यांच्यापाशी जुनी लेजरं नव्हती, त्यांनी सुरुवातच केंद्रीय प्रणालीपासून केली. दुसरा धक्का आला अनपेक्षित दिशेने. १९९८ नंतर केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी सरकारी बँकांना आदेश दिला की १ जानेवारी २००१ पर्यंत ७० टक्के व्यवसाय संगणकावर आला पाहिजे. ग्राहकसेवेसाठी नव्हे, भ्रष्टाचार रोखण्यासाठी. १९९२चा रोखे घोटाळा ताजा होता. सरकारी रोख्यांच्या नोंदी हाताने चालत आणि बँका एकमेकींना ‘बँक रिसीट’ नावाचे कागद देत. रोखा खरोखर कुणाकडे आहे हे त्या क्षणी कुणालाच कळत नसे. दलालांनी नेमका त्याच अंधाराचा वापर केला होता.

मग आलं कोअर बँकिंग, सीबीएस. कल्पना साधी: खातं शाखेच्या लेजरमधून, शाखेच्या सर्व्हरमधूनही काढायचं आणि एका मध्यवर्ती ठिकाणी ठेवायचं. शाखेला उरते ती खिडकी. स्टेट बँकेच्या सगळ्या शाखा या प्रणालीवर यायला २००८ साल उजाडलं. ‘शाखेचा खातेदार आता बँकेचा खातेदार झाला’ असं बँकवाले म्हणू लागले, आणि ते शब्दशः खरं होतं. साताऱ्याचं खातं असलेला माणूस दादरला पासबुक भरून घेऊ लागला. केंद्रीय खात्यांच्या पायावर मग मार्च २००४ मध्ये आरटीजीएस, नोव्हेंबर २००५ मध्ये एनईएफटी आणि एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं. ड्राफ्टची सूचना, टपाल आणि मेळ घालणारे ते ढीग कमी झाले ते नोंदी वेगाने होऊ लागल्या म्हणून नव्हेत. व्यवहाराच्या दोन्ही बाजू एकाच वेळी एकाच जागी लिहिल्या जाऊ लागल्या, न जुळण्याचं कारणच उरलं नाही.

याची किंमतही मोजली गेली. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत एक लाखाहून अधिक लोक बाहेर पडले आणि लिपिकांची भरती पुढे बरीच वर्षं जवळपास थांबली. पहारे देणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. ती तीस-पस्तीस वर्षं लवकर बोलून दाखवली गेली होती. बाहेर पडलेल्यांत नऊने भागून चूक शोधणारी पिढीही होती. ती नजर कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घेतली गेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रणाली आली म्हणजे अंधार संपला असंही झालं नाही. तो सरकला दोन प्रणालींच्या मधल्या फटीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेतला गैरव्यवहार उघड झाला; पहिला जाहीर आकडा होता सुमारे ११,४०० कोटी रुपये. परदेशी बँकांना हमीचे संदेश ‘स्विफ्ट’ या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेवरून जात होते, पण त्यांची नोंद सीबीएसमध्ये होत नव्हती, कारण त्या दोन प्रणाली जोडलेल्याच नव्हत्या. इकडच्या लेजरमध्ये ड्राफ्टची नोंदच न करता तिकडे तो वटवण्यासारखंच हे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने हा जोड ३० एप्रिल २०१८ पर्यंत पूर्ण करायला सांगितलं.

दुसरं उदाहरण महाराष्ट्रातल्या अनेक घरांना चटका लावून गेलं. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या कर्जाचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग एकाच बांधकाम समूहाकडे होता. तपासात पुढे आलं की ती ४४ कर्जखाती झाकण्यासाठी तब्बल २१ हजार खोटी खाती दाखवली गेली, आणि ती खाती सीबीएसमध्ये उघडलेलीही नव्हती. फक्त रिझर्व्ह बँकेला दिलेल्या यादीत घुसवली होती. यादी आणि प्रणाली शेजारी ठेवून बेरीज जुळते का, एवढं जुन्या पद्धतीचं बॅलन्सिंग केलं असतं तरी फरक समोर आला असता. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले आणि सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील असं आधी सांगण्यात आलं. शाखांबाहेर उभ्या असलेल्या लोकांच्या हातांत पासबुकं होती. ती यंत्रावर छापलेली होती आणि त्यांतली शिल्लक पैशापर्यंत बरोबर होती.