दहावीचं बेसिक गणित म्हणजे आपलं जुनं सामान्य गणित नव्हे

सीबीएसई शाळांत दहावीच्या पोरांची नावं बोर्डाकडे पाठवायची वेळ आली की नाशिकच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते, गणित बेसिक घ्यायचं का स्टँडर्ड, म्हणजे बोर्डाचा सोपा पेपर का अवघड. आणि सल्ला देणारे काका-मामा बहुतेक एसएससीवाले, त्यामुळे बेसिक म्हटलं की त्यांना स्टेट बोर्डाचं जुनं सामान्य गणित आठवतं आणि ते सरळ सांगून मोकळे होतात की घेऊन टाका, अर्धा अभ्यास कमी होईल. इथंच सगळा घोळ आहे.

सामान्य गणिताचं पुस्तकच वेगळं होतं, धडे वेगळे आणि सोपे. बीजगणित-भूमिती झेपत नाही त्या पोरांसाठी ती दुसरी वाट होती. आता ते बंद झालंय, स्टेट बोर्डात सगळ्यांना भाग १ आणि भाग २, चाळीस-चाळीसचे दोन पेपर आणि वीस मार्क अंतर्गत.

सीबीएसईचं बेसिक तसं नाही. बोर्डाने जानेवारी २०१९ मध्ये हे जाहीर केलं आणि २०२० च्या परीक्षेपासून लागू केलं. पुस्तक एकच, एनसीईआरटीचं. धडे तेवढेच, वर्गही तोच, शिकवणाऱ्या मॅडम त्याच, नववीत तर हा भेदच नाही. शाळेकडचे २० मार्कही दोघांना सारख्याच पद्धतीने. वेगळा असतो तो फक्त बोर्डाचा ८० मार्कांचा पेपर. त्यातही बीजगणिताला २०, भूमितीला १५, त्रिकोणमितीला १२ ही वाटणी दोन्हीकडे अगदी सारखी, म्हणजे बेसिक घेतलं म्हणून त्रिकोणमिती सुटली असं अजिबात होत नाही. कोड तेवढा वेगळा, स्टँडर्डला ०४१ आणि बेसिकला २४१. (बारावीच्या अप्लाइड मॅथ्सचा कोडही २४१च आहे, कोणाला सुचलं असेल कोण जाणे.)

मग फरक कुठं पडतो? प्रश्न कोणत्या जातीचे विचारतात त्यात. बेसिकमध्ये ८० पैकी ६० मार्क नुसतं आठवणं आणि समजणं याला, १२ वापरून दाखवण्याला आणि विश्लेषणासारख्या वरच्या प्रश्नांना फक्त ८. स्टँडर्डमध्ये तेच आकडे ४३, १९ आणि १८. साध्या भाषेत, डोकं खाजवायला लावणारे प्रश्न ८ वरून थेट १८ वर जातात.

वर्गसमीकरणाचंच घ्या. बेसिकवाल्याला बहुतेक वेळा समीकरण हातात मिळतं, क्ष वर्ग + १५क्ष − २७०० = ०, सोडव. अवयव पाडले की ४५ आणि उणे ६०, झालं. स्टँडर्डवाल्याला तेच असं येऊ शकतं: नाशिक रोडवरून निघालेली गाडी १८० किमी जाते, वेग ताशी १५ किमीने जास्त असता तर १ तास आधी पोचली असती, तर मूळ वेग किती. आता आधी वेग क्ष मानायचा, १८० भागिले क्ष वजा १८० भागिले (क्ष + १५) बरोबर १ असं मांडायचं, मग ते वरचंच समीकरण तयार होतं आणि शेवटी उणे ६० हा वेग असू शकत नाही म्हणून टाकायचा. उत्तर ताशी ४५. आकडेमोड दोघांचीही तेवढीच, पण पोरं अडतात ती समीकरण मांडताना. शाब्दिक गणितं बेसिकमध्येही येतात बरं का, फक्त सगळा पेपर त्यांच्यावर उभा नसतो.

म्हणून अभ्यास कमी करायला बेसिक घेत असाल तर हाती काही लागणार नाही. हां, गणिताच्या नावाने पोटात गोळा येतो, पुढे गणित घ्यायचंच नाही, आर्ट्स किंवा बायोलॉजीवाली लाइन ठरलीये, तर जरूर घ्या, ‘नीट’ या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला गणित लागत नाही. पण इंजिनिअरिंग डोक्यात असेल आणि कॉलेज रोडच्या एखाद्या क्लासची फी भरून झाली असेल तर बेसिक कशाला?

मूळ नियम होता की बेसिकवाल्याला सीबीएसईच्याच अकरावीत नेहमीचं गणित (त्याचाही कोड ०४१) हवं असेल तर आधी कंपार्टमेंटला, म्हणजे निकालानंतरच्या पुरवणी परीक्षेला, स्टँडर्ड पास व्हावं लागेल. कोविडच्या काळात बोर्डाने त्यात सूट दिली, पोराला ते झेपेल अशी शाळाप्रमुखांची खात्री पटली तर बेसिकवरूनही घेता येतं. पण नाशिकमधली बरीच पोरं दहावीनंतर स्टेट बोर्डाच्या ज्युनिअर कॉलेजला जातात, तिथल्या प्रवेशाचे नियम सीबीएसई ठरवत नाही, तेव्हा ते कॉलेजला विचारूनच काय ते ठरवा.

मला स्वतःला दोन पातळ्यांची कल्पना वाईट वाटत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आहे की विषय दोन पातळ्यांवर देता येतील आणि सुरुवात गणितापासून करता येईल. पण शिकवणं एकच ठेवून फक्त पेपर बदलला तर ज्याला पाया कच्चा म्हणून बेसिक दिलं त्याचा पाया वर्षभर तसाच राहतो, त्याला वेगळं काही शिकवलं जातच नाही. हे मला खटकतं, आणि पालक मीटिंगमध्ये याच्यावर कोणी बोलतही नाही, सगळं घोडं मार्कांवर अडलेलं.

बोर्ड दोन्हींचे नमुना पेपर वेबसाइटवर फुकट टाकतं. दोन्ही काढा, दोन रविवारी तीन-तीन तास घड्याळ लावून पोराला सोडवायला बसवा, आणि यादीत नाव जायच्या आधी त्यालाच विचारा कुठला हवा.