नशा बापाची, फरक पोराच्या मेंदूत

बाळ आईच्या पोटात वाढतं, मग बापाने काय नशापाणी केलं त्याने काय फरक पडतो, असं आपल्याकडे बिनधास्त म्हणतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीवाल्यांनी हेच उंदरांवर करून बघितलं, पेपर २०१३ मध्ये नेचर न्यूरोसायन्स या विज्ञानाच्या जर्नलमध्ये आला. नर उंदरांना ६० दिवस लिव्हर दाबून स्वतःच कोकेन टोचून घ्यायची सोय करून दिली, एवढे दिवस म्हणजे उंदराचा शुक्राणू बनायचा अख्खा काळ त्यात येतो. मग त्यांची जोडी कोकेन कधीच न मिळालेल्या माद्यांशी लावली. पिल्लं वाढवण्यात बापाचा काडीचा हात नाही, म्हणजे जे काय आलं ते शुक्राणूतूनच.

आता वाटेल की पोरं जन्मजात नशेडी निघाली असतील. निघालं उलटंच! मुलग्यांना कोकेनची ओढ कमी, लिव्हर दाबून ते घ्यायला शिकायलाही उशीर, आणि मुलींमध्ये काहीच फरक नाही. मुलग्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात बीडीएनएफ नावाचं प्रोटीन वाढलेलं होतं आणि बापाच्या शुक्राणूत त्याच जीनजवळच्या हिस्टोनवर जास्तीच्या रासायनिक खुणा होत्या. हिस्टोन म्हणजे डीएनएचा दोरा ज्यावर गुंडाळलेला असतो ते रीळ. डीएनएची अक्षरं तीच, खुणा बदलल्या, आणि मला तरी यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. पण लगेच खुश होऊ नका, २०१७ मध्ये अशाच बापांच्या मुलग्यांची स्मरणशक्ती कच्ची निघाली.

हे झालं उंदरांचं, माणसावर असा प्रयोग कोण करू देणार. अमेरिकेतल्याच येल युनिव्हर्सिटीच्या १९९० च्या अभ्यासात मिलिलिटरमागे २ कोटींपेक्षा कमी शुक्राणू असलेल्या पुरुषांमध्ये गेल्या दोन वर्षांत कोकेन घेतलेले दुप्पट सापडले, अर्थात कोकेनवाले बहुतेकदा सिगरेट-दारूवालेही असतात, त्यामुळे सगळा दोष एकट्या कोकेनवर टाकता येत नाही.

माणसाचा शुक्राणू बनायला साधारण ७४ दिवस लागतात, वर बाहेर पडण्याआधीचा प्रवास धरून तीनेक महिने. म्हणून आज कोकेन सोडलं आणि पुढच्या आठवड्यात वीर्याची टेस्ट केली तर रिपोर्ट जुन्याच दिवसांचा येणार. तोही काउंट आणि हालचाल सांगतो, हिस्टोनवरच्या खुणा त्यात दिसतच नाहीत.