पत्त्यांची संध्याकाळ आणि सीलबंद कॅटचा नियम

रत्नागिरीतल्या जादूगार मंडळाच्या स्पर्धेत पत्त्यांच्या प्रयोगांना स्वतंत्र संध्याकाळ असते. टेबलाभोवती प्रेक्षक, समोर हिरवी चटई आणि प्रत्येकाला पाच ते दहा मिनिटे. वेळेची ही मर्यादा जागतिक स्पर्धेतल्या टेबलावरच्या जादूच्या नियमांवरून घेतलेली आहे. त्या स्पर्धांची परंपरा 1948 च्या स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संमेलनापासून धरली जाते. मंडळाचा एक नियम मात्र खास इथला आहे आणि त्यावरचा वाद मिटलेला नाही. तो नियम असा, की निदान एक प्रयोग मंडळाने दिलेल्या सीलबंद कॅटवर झाला पाहिजे.

कोकणाला पत्ते नवे नाहीत. बाबराने 1527 मध्ये सिंधमध्ये गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. पुढे हा खेळ दक्षिणेत उतरला आणि सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी दशावतारी गंजिफा रंगवली. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण 120. दिवसा डाव बसला तर रामाच्या रंगाने सुरुवात, रात्री कृष्णाच्या. पण लाखेचा हात दिलेली ती गोल, जाड पाने इंग्रजी कॅटसारखी पिसता येत नाहीत. हातचलाखी रुजली ती इंग्रजांबरोबर आलेल्या 52 पानांवर.

घराघरांतली पत्त्यांची जादू गणपतीच्या जागरणांत वाढली. मेंढीकोट आणि पाच-तीन-दोनचे डाव रंगले, की मुंबईहून आलेला एखादा चाकरमानी मध्येच कॅट ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, "एक पान काढ, मला दाखवू नको." रंगमंचावरचे जादूगार पत्त्यांचे पंखे उलगडत, रिकाम्या हातातून पाने काढत. ते शेवटच्या रांगेतूनही दिसे. निवडलेले पान समोरच्याच्या मुठीत बदलते, ही जादू मात्र दोन हातांवरूनच बघायची असते.

तिला खरी गर्दी आली 1997 नंतर. त्या वर्षी अमेरिकी दूरचित्रवाणीवर रस्त्यावरच्या जादूचा कार्यक्रम झाला आणि कॅमेरा जादूगाराइतकाच बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर राहिला. 2005 मध्ये यूट्यूब आले. डबल लिफ्ट, पाम, फोर्स हे हातचलाखीतले शब्द गुहागर-दापोलीच्या मुलांच्या तोंडी बसले. त्याच वाटेने तयार युक्तीचे कॅटही आले, कुरियरने, घरपोच. त्यांचे गुपित इथे फोडणे बरे नाही. एवढेच सांगतो, की त्यांत निम्मे काम पत्तेच करतात.

वाद पेटला तो इथे. एका वर्षी लागोपाठच्या स्पर्धकांनी जवळपास तोच विकतचा प्रयोग केला आणि परीक्षकांनी गुण कशाला द्यायचे, हा प्रश्न उघडपणे विचारला गेला. पुढच्या बैठकीत सीलबंद कॅटचा ठराव आला. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हलके नव्हते. खास बनवलेले साहित्य हा जादूचाच भाग आहे, पेटीवाल्या जादूगाराला कोणी साधी पेटी आणायला लावत नाही, मग आम्हालाच का? शिवाय मंडळाने आणलेले कॅट बाजारातले अरुंद, 57 मिलिमीटरचे. ज्यांचा सराव 63 मिलिमीटरच्या परदेशी कॅटवर झालेला, त्यांच्या तळव्यात पान वेगळे बसणार.

त्यात कोकणची हवा. स्पर्धा पितृपक्षात होते, कारण तेव्हा सभागृहे मोकळी आणि स्वस्त असतात. भाद्रपदात हवेला ओल असते. कागदी पान ती पिते, कडा फुगतात, पंखा मध्येच अडकतो. फॅरो पिसणीत याची खरी परीक्षा होते. 26-26 पानांचे दोन भाग एकाआड एक पान असे गुंतवायचे. वरचे पान वरच ठेवून हे आठ वेळा अचूक जमले, तर कॅट मूळ क्रमावर परत येतो. फुगलेल्या कडांवर दुसऱ्याच फेरीला दोन पाने एकत्र घुसतात आणि पुढचा सगळा हिशेब जातो. विजेचा पंखा लावावा तर टेबलावरची पाने उडतात.

तरीही ठराव योग्य होता असे मी म्हणेन. सील फोडलेला कॅट प्रेक्षकातली एखादी काकू स्वतः पिसते, काटते, आणि मग स्पर्धकाकडे देते, तेव्हा त्याच्याजवळ बोटे आणि बोलणे एवढेच उरते. कुणाचा सराव रोजचा आणि कुणाची खरेदी कालची, हे टेबलाजवळ बसलेल्या पोरालाही कळते. हवेची तक्रार खरी आहे, पण उलट बाजूने: प्लॅस्टिकच्या वेष्टणातला कॅट ऐन वेळी फोडल्याने त्याला ओल धरायला वेळच मिळत नाही. रुंदीचा आक्षेप मात्र रास्त होता, आणि तो मान्य व्हायला दोन स्पर्धा जाव्या लागल्या, हे मंडळाला शोभले नाही.

आता दोन्ही रुंदीचे कॅट ठेवतात आणि स्पर्धक आपल्याला हवा तो उचलतो. बाकीचे प्रयोग स्वतःच्या साहित्यावर करायची मुभा आहे. पूर्ण प्लॅस्टिकच्या पत्त्यांची मागणी यंदा पुन्हा आली आहे. ते ओल पीत नाहीत, पण घामेजल्या बोटांत निसटतात. शिवाय दुमडून, फाडून करायचे प्रयोग त्यांवर होत नाहीत. स्पर्धा जानेवारीत न्यावी ही सूचनाही आहे, पण तेव्हा जत्रा आणि लग्नसराईत सभागृह मिळणे कठीण. दोन्ही मुद्दे पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहेत.